दाढ काढायची, की उरलेल्या दाढेला उभं करायचं?

मानेवाड्याच्या एका गृहस्थांनी आपल्या आईविषयी विचारलं आहे. आईंचं वय ६१. शुगर आहे, गोळ्या सुरू आहेत. उजवीकडची खालची मोठी दाढ दोन वर्षांपूर्वी काढली, ती जागा तशीच रिकामी आहे. तिच्या मागच्या दाढेचं रूट कॅनल झालं होतं, पण कॅप बसवायची राहून गेली आणि गेल्या महिन्यात चिवडा खाताना ती दाढ अर्धी तुटली. वरचा समोरचा एक दात कित्येक वर्षांपासून काळपट आहे, दुखत मात्र नाही. तीन ठिकाणी दाखवलं. एका डॉक्टरांनी तुटलेली दाढ काढून दोन इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) सांगितले, दुसऱ्यांनी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात), तिसऱ्यांनी काढता-घालता येणारे दात. "आई म्हणते, एकदाचं सगळं काढूनच टाका, रोजचं झंझट नको. आम्ही कोणाचं ऐकायचं?"

नागपुरात गेली सव्वीस वर्षं मी हेच काम करते आहे, आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी समोर येतो. तिन्ही डॉक्टरांनी सांगितलेले उपाय खरे आहेत, पण ते रिकाम्या जागेचे उपाय आहेत. मी आधी उरलेल्या दातांकडे पाहते. उरलेल्यांचा हिशेब लागला की रिकाम्या जागेचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं, आणि आईंच्या बाबतीत तर सगळं त्या तुटलेल्या दाढेवर अडलेलं आहे.

रूट कॅनल केलेली दाढ वाळते म्हणून तुटते, असं आम्ही डॉक्टरसुद्धा वर्षानुवर्षं पेशंटला सांगत आलो. खरं कारण साधं आहे. कीड साफ करताना दाढेचा गाभा जातो, नसेपर्यंत पोचायला वरचं छत कापावं लागतं, आणि मग उरतात त्या नुसत्या भिंती. छत नसलेल्या भिंतींवर रोज चावण्याचा जोर पडला की त्या बाहेर फाकतात. म्हणून दाढेचं रूट कॅनल झालं की काही आठवड्यांत कॅप बसवायची असते. दुखणं थांबलेलं असतं, पैसेही बरेच खर्च झालेले असतात, म्हणून लोक थांबतात. हे मी रोज पाहते आणि कोणालाही दोष देत नाही. पण दाढ जाते ती नेमकी याच थांबण्यात.

आता ती वाचेल का? बाहेरून पाहून किंवा नुसत्या एक्स-रेवरून हे सांगता येत नाही. आत भरलेलं जुनं सिमेंट पूर्ण काढावं लागतं. खालची मऊ, तपकिरी कीड चमच्यासारख्या बारीक हत्याराने खरवडावी लागते. निरोगी दातावरून हत्यार फिरवलं की ते करकरतं. किडलेल्या जागी आवाज येत नाही, ते रुततं. करकर ऐकू येईपर्यंत जायचं, आणि मग काय उरलं ते मोजायचं. हिरडीच्या वर सगळ्या बाजूंनी साधारण २ मिलिमीटर उंचीची निरोगी कड मिळाली, तर मी ती दाढ काढणार नाही.

ही २ मिलिमीटरची कड एवढी का महत्त्वाची? बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच उमगेल. धाव चाकाला बाहेरून आवळून धरते म्हणून चाक फाकत नाही. दाढेवरची कॅप तेच काम करते. पण धावेला आवळायला मजबूत लाकूड लागतं, तसा कॅपला स्वतःचा, निरोगी दात लागतो. आत भरलेल्या सिमेंटच्या गोळ्यावरच कॅप चढवली तर ती दिसते सुंदर आणि एखाद्या वर्षात गोळ्यासकट हातात येते. पेशंट कागदात गुंडाळून ती कॅप घेऊन येतात, "चिकटवून द्या" म्हणतात, आणि आतलं पाहिलं की चिकटवायला खाली काही उरलेलंच नसतं.

कड एखाद्या बाजूने कमी पडत असेल तर त्या बाजूची हिरडी आणि किंचित हाड खाली घेऊन ती उघडी करता येते. छोटी शस्त्रक्रिया आहे, सुन्न करून होते, टाके आठ-दहा दिवसांत निघतात. आत आधाराला काही उरलं नसेल तर मुळाच्या नळीत फायबरची काडी बसवून त्यावर गाभा उभारतात. काडीमुळे दात मजबूत होतो असा गैरसमज मात्र ठेवू नका. काडी फक्त गाभ्याला धरून ठेवते, मजबुती त्या कडेतूनच येते.

दोन गोष्टी निकाल फिरवू शकतात. पहिली, दाढ तुटून महिना झाला आहे. रूट कॅनल उघडं पडून तिथे लाळ झिरपत असेल तर आतलं भरण दूषित झालेलं असू शकतं, आणि मग कॅपच्या आधी रूट कॅनल पुन्हा करावं लागतं. दुसरी, चीर मुळापर्यंत गेली आहे का. हिरडी आणि दात यांच्यामध्ये आम्ही खुणा असलेली बारीक मोजपट्टी घालतो. सगळीकडे ती २-३ मिलिमीटर जाते आणि एकाच अरुंद जागी अचानक ८-९ मिलिमीटर खोल उतरते, तर मूळ उभं चिरलेलं असण्याची दाट शंका येते. मूळ उभं चिरलेली दाढ वाचत नाही, ती काढायची. काढताना डोळे जातील ही भीती आईंच्या मनात असेल तर सांगा, दाताची नस आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत, एकीला धक्का लागून दुसरी जात नाही. अजूनही दर महिन्याला कोणी ना कोणी मला हे विचारतंच.

कॅप कशाची करायची यावर लोक फार वेळ घालवतात. मागच्या दाढेला पूर्ण झिरकोनियाची, म्हणजे एका मजबूत सिरॅमिकची, कॅप चांगली. ती पातळ ठेवता येते, त्यामुळे दात कमी घासावा लागतो. आत धातू आणि वरून सिरॅमिक असलेली कॅपही वाईट नाही, स्वस्त पडते आणि वर्षानुवर्षं टिकते. फक्त वरचा सिरॅमिकचा कपचा कधीकधी उडतो. "पंधरा वर्षांची वॉरंटी" हे शब्द ऐकून हुरळून जाऊ नका. वॉरंटी कॅपच्या मालाची असते, आतल्या दाताची नसते. कॅपला कीड लागत नाही, पण कॅपची कड आणि हिरडी यांच्या सांध्यात लागते. त्या सांध्यावर ब्रश रोज फिरला पाहिजे. कॅप बसवल्यावर लाल-निळा कागद चावायला देतात तो नीट चावा, आणि घरी गेल्यावर "उंच लागतंय" असं वाटलं तर सवय होईल म्हणून बसू नका. दुसऱ्या दिवशी जाऊन घासून घ्या.

काळ्या दाताचं त्या मानाने सोपं आहे, आणि तिथे उगाच खर्च होताना दिसतो म्हणून लिहिते. न दुखणारा, एकटाच काळा पडलेला समोरचा दात म्हणजे बहुतेक वेळा जुना मार. लहानपणी पडलेलं आईंना आठवतही नसेल. आतली नस मरते, तिथलं रक्त दातात मुरतं आणि दात आतून काळा पडतो. दुखत नसलं तरी मुळाच्या टोकाशी हळूहळू पू साठू शकतो, म्हणून एक्स-रे काढायचाच. नस मेलेली निघाली तर रूट कॅनल, आणि त्यानंतर लगेच कॅपकडे धावायचं नाही. दात शाबूत असेल तर आतून ब्लीच करता येतं. पोकळीत औषध ठेवून तात्पुरतं बंद करतात, काही दिवसांनी बदलतात, दोन-तीन फेऱ्यांत रंग पुष्कळ उतरतो. मग मागचं छिद्र दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटने बंद. समोरच्या दातावर दाढेइतका जोर नसतो, त्याला कॅपची दरवेळी गरज नसते.

कॉम्पोझिट दाताला चिकटतं कसं, हे लोक मला कुतूहलाने विचारतात. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवलं की दाताचं कवच आम्लाने क्षणभर खरवडलं की त्यात सूक्ष्म खाचा पडतात आणि राळ त्यांत घट्ट रुतते. त्याआधी चांदी (चांदी आणि पाऱ्याचं मिश्रण) भरायची तर ती अडकून बसावी म्हणून निरोगी दातही कोरावा लागायचा. आज किडलेलं तेवढंच काढून भरता येतं. अट एकच, जागा पूर्ण कोरडी हवी. म्हणून दाताभोवती रबराचा पडदा बांधणारा डॉक्टर दिसला तर कंटाळू नका, तुमचंच काम टिकावं म्हणून तो वेळ घालवतो आहे. आईंच्या दुसऱ्या दाढांत जुनी चांदी असेल आणि ती घट्ट, न गळणारी असेल तर पाऱ्याच्या भीतीने उकरून काढू नका. चांदी काढताना पाऱ्याची वाफ जास्त सुटते.

आता रिकामी जागा.

दोन वर्षं जागा मोकळी आहे म्हणजे तिथे काहीच घडलेलं नाही असं नाही. समोर चावायला कोणी नसलं की वरची दाढ हळूहळू खाली उतरते, आणि मागची दाढ मोकळ्या जागेकडे कलते. हाडही आटतं. दात काढल्यावर वर्षभरात त्या जागची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत. म्हणून तिथे काय बसेल हे आईंचं हाड पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये आणि तुम्हीही ऐकू नये. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. त्यासाठी जबड्याचा थ्री-डी स्कॅन लागतो. खालच्या जबड्यात तो जास्तच गरजेचा, कारण हाडातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. इम्प्लांटचं टोक आणि ती नस यांच्यात निदान २ मिलिमीटर अंतर ठेवतात. ते चुकलं तर अर्धा ओठ बधिर राहू शकतो.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, हाडात बसवलेला. टायटॅनियमच का, याची गोष्ट मला फार आवडते. स्वीडनचे पर-इंग्वार ब्रॉनमार्क १९५२ साली सशांच्या हाडात टायटॅनियमच्या छोट्या नळ्या बसवून रक्तपुरवठ्याचा अभ्यास करत होते. अभ्यास झाल्यावर नळ्या काढायला गेले तर त्या निघेनात, हाड धातूला चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले, आणि ते लार्सन २००६ मध्ये वारले तोपर्यंत चालले. हाड असं चिकटायला वेळ लागतो. खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने, वरच्यात त्याहून जास्त. हाड भरपूर आणि पक्कं असेल तर लवकरही दात लावता येतो, पण ६१ वर्षांच्या, शुगर असलेल्या बाईंच्या दाढेच्या जागी मी घाई करणार नाही.

इम्प्लांट चांगला उपाय आहे, मी स्वतः करते. तरीही वाचणारी दाढ काढून त्या जागी इम्प्लांट घालायला मी तयार होत नाही, त्याचं कारण सांगते. आपला खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्याभोवती मिलिमीटरच्या पाव भागाइतकी बारीक तंतूंची गादी असते. वरणभात खाताना एवढासा खडा आला तरी तुम्ही जागच्या जागी थांबता ते या गादीमुळे. इम्प्लांटला ती नसते. जोर थेट हाडावर जातो आणि खडा कळतो तोही उशिराने. एकदा काढलेली गादी कुठल्याच किमतीला परत मिळत नाही.

ब्रिजचं पाहू. ब्रिजला दोन्ही बाजूंना खांब लागतात. आईंच्या बाबतीत पुढचा खांब म्हणजे निरोगी उपदाढ, जी चारही बाजूंनी घासावी लागेल, आणि मागचा खांब म्हणजे तीच अर्धी तुटलेली दाढ. जिच्यावर स्वतःची एक कॅप टिकेल की नाही याची आपण काळजी करतो आहोत, तिच्यावर शेजारच्या दाढेचाही भार टाकायचा हे मला पटत नाही. मागची दाढ भक्कम निघाली आणि उपदाढ आधीच किडलेली किंवा भरलेली असती, तर मी स्वतः ब्रिज सुचवला असता. दुसऱ्या डॉक्टरांनी कदाचित तसंच काही पाहिलं असेल, त्यांना एकदा विचारा.

काढता-घालता येणारे दात म्हणजे हलका उपाय असं लोक समजतात. चांगल्या ओतीव धातूच्या सांगाड्यावर केलेले दात पातळ असतात आणि उरलेल्या दातांवर नीट टेकतात. पण एकाच दाढेसाठी छोटा, सुटा दात मी देत नाही. झोपेत किंवा घासाबरोबर तो गिळला जाऊ शकतो, आणि मग तो काढायला मोठ्या दवाखान्यात धावावं लागतं.

तर आईंसाठी माझा क्रम असा. आधी तुटलेली दाढ उघडून पाहायची. वाचली तर तिला तिची स्वतंत्र कॅप, आणि रिकाम्या जागी, शुगर आणि हाड साथ देत असेल तर, एक इम्प्लांट. दाढ नाही वाचली तर मागे खांबच उरत नाही, मग ब्रिजचा विषय संपतो. अशा वेळी पुढच्या जागी एकच इम्प्लांट करून सगळ्यात मागची दाढ तशीच सोडता येते. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असं नाही. बाकीच्या दातांवर जेवण नीट होत असेल तर शेवटच्या दाढेवाचून काही अडत नाही. दोन इम्प्लांटचा खर्च करण्याआधी हे त्या पहिल्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, ते नाराज होणार नाहीत.

शुगरचा आकडा कोणत्या तारखेचा आहे हे पाहा. उपाशीपोटीचा आदल्या दिवशीचा आकडा मला पुरत नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी लागते. ती ७ च्या आसपास असेल तर मी निर्धास्तपणे पुढे जाते, ८ च्या वर असेल तर फिजिशियनकडे परत पाठवते आणि थांबते. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन घेतलं असेल तर ते नक्की सांगा. अशा औषधांनंतर दात काढला किंवा इम्प्लांट केला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही. बायका हे दातांच्या डॉक्टरला सांगत नाहीत, कारण त्याचा दाताशी काही संबंध असेल असं त्यांना वाटतच नाही.

नागपुरात मी आणखी एक प्रश्न प्रत्येकाला विचारते, बाई असो की माणूस: खर्रा चालतो का? सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून तासन् तास गालात धरला की दात झिजून सपाट होतात ते वेगळंच, पण गाल आतून कडक होतात आणि तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का पाहा. दोनच जात असतील तर मागच्या दाढेपर्यंत आमची हत्यारं नीट पोचत नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. तेव्हा दाढेचा विषय बाजूला ठेवून आधी तेच दाखवायचं.

"दोन तासांत फिक्स दात" या पाटीपासून आईंना दूर ठेवा. उमरेडकडचे एक काका माझ्याकडे आले होते. समोरचे दोन दात आठवडी बाजारात बसवून घेतले होते. गुलाबी भुकटी आणि पाणी कालवून शेजारच्या चार दातांना मागून थापलेलं, आत तार गुंडाळलेली. ते कापून काढलं तेव्हा खालची हिरडी लाल-काळी, हात लावताच रक्त, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. आधाराला घेतलेले चारही चांगले दात मुळापर्यंत किडले होते. दोन दातांपायी सहा गेले. दंतवैद्यकाची नोंदणी नसताना हा धंदा करणं कायद्याने गुन्हा आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो, तो वाचायला संकोच कशाला?

खर्च जड जात असेल तर मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात आईंना घेऊन जा. रूट कॅनल, कॅप, कवळी ही कामं तिथे रोज होतात. हिंगण्याकडच्या खासगी दंत महाविद्यालयांतही बाहेरच्यापेक्षा कमी पैशांत होतात. विद्यार्थी काम करतात आणि प्रत्येक टप्पा त्यांचे शिक्षक तपासतात. फेऱ्या जास्त होतात आणि सकाळी लवकर जावं लागतं, पण घाईत कॅप चिकटवून मोकळं होणं तिथे नसतं. मी स्वतः शिकत असताना एका आजींची कवळी पाच वेळा परत केली आहे, सर मान्य करेपर्यंत.

डॉक्टरकडे जाईपर्यंत त्या बाजूने चावू नका, पण ब्रश मात्र तिथेही फिरवा, दुखेल म्हणून टाळू नका. लवंगाचं तेल थेट ओतू नका, हिरडी भाजते. आणि आज रात्री जेवण झाल्यावर टॉर्च लावून आईंची जीभ आणि गाल आतून पाहा. तुटलेल्या दाढेची धारदार कड घासून तिथे व्रण झाला असेल तर ती कड उद्याच गुळगुळीत करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. कड घासल्यावरही पंधरा दिवसांत व्रण भरला नाही, तर दाढ, कॅप, इम्प्लांट सगळं थांबवून तो व्रण आधी तपासून घ्या.